बुटकी काकडी आणि पंचेचाळीसचा पारा

नागपूरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, पश्चिमेकडे उघडणारी दहा बाय चारची गॅलरी, आणि गच्चीवर पाच-सहा कुंड्या ठेवायला सोसायटीची परवानगी. ‘जागा कमी लागते, मांडव लागत नाही’ असं वाचून त्यांनी बुश काकडीचं बी ऑनलाइन मागवलं आणि गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आठ इंची कुंड्यांत लावलं. वेली रेलिंगवरून सहा फूट गेल्या, पिवळी फुलं भरपूर आली आणि गळून पडली. सासऱ्यांची सावनेरकडे शेती होती. त्यांनी ती ‘वांझ फुलं’ ठरवून उरलेलीही खुडायला लावली. यंदा १० मार्चला पुन्हा लावलं, तर चार काकड्या मिळाल्या, वाकड्या आणि कडू. शेजारच्या काकू म्हणतात, बाजूला कारल्याची कुंडी आहे ना, म्हणून कडू. ताईंनी राख घातली, अंड्याची टरफलं घातली, केळीच्या सालींचं पाणी घातलं, कुलरचं पाणीसुद्धा वाया जाऊ दिलं नाही. सासरे म्हणतात, ही बुटकी थेरं सोड, मांडव घाल. ताईंना मात्र मे महिन्यात रोज कोशिंबिरीपुरत्या दोन काकड्या हव्या आहेत. बुश लावू, मांडव घालू, की नाद सोडू, असं त्या विचारतात.

ताई,

बुश की मांडव हे तुम्ही शेवटी विचारलंत, पण त्या चार काकड्यांचा दोष या दोघांपैकी कुणाच्याच माथी मारता येत नाही. त्याआधी एक शंका काढून टाकू. तुम्ही लावलेली काकडी बुश होती का?

खरी बुश काकडी दोन ते तीन फुटांवर थांबते. तिची पेरं आखूड असतात. एका पानाच्या देठापासून पुढच्या पानाच्या देठापर्यंत जेमतेम दोन-तीन बोटांचं अंतर, त्यामुळे रोप जागच्या जागी गच्च दिसतं. साधी वेल पाचव्या-सहाव्या पानापासूनच लांब ढांगा टाकायला लागते. ऊन कमी पडलं तरी पेरं लांबतात हे खरं, पण पश्चिमेच्या गॅलरीत ती सबब चालत नाही. सहा फूट गेलेली तुमची वेल म्हणजे पाकिटावर बुश आणि आत दुसरंच काहीतरी. पुढच्या वेळी नुसता ‘बुश’ शब्द पाहून बी घेऊ नका, जातीचं नाव पाहा. स्पेसमास्टर, बुश चॅम्पियन, सॅलड बुश ही टिकलेली नावं आहेत. पाकिटावर उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि वापरायची मुदत छापलेली हवी. प्लास्टिकच्या पुडीत पंधरा बिया आणि वर चकचकीत फोटो, एवढंच असेल तर तो जुगार समजा. जास्तीच्या दोन-तीन बिया लावा आणि सहाव्या पानाला जी रोपं ढांगा टाकतील ती उपटा, किंवा सासऱ्यांच्या हवाली करा. त्यांच्यासाठी पुढे एक काम आहेच.

या सगळ्या जाती अमेरिकेतल्या. स्पेसमास्टर तर न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात घडलेली. त्यामुळे त्यांच्या पाकिटांवर आणि त्यावरून लिहिलेल्या लेखांत ‘उन्हाळी पीक, दिवसभर कडक ऊन द्या’ असं असतं. तो उन्हाळा पंचवीस-तीस अंशांचा. आपल्याकडे तशी हवा साधारण फेब्रुवारीत असते आणि मग पाऊस सरता सरता येते. काकडी उन्हाळी खरी, फक्त नागपूरच्या उन्हाळ्यातली नाही.

इथे तुमचे सासरे हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. नदीच्या रेतीतल्या वाड्यांमध्ये भर एप्रिल-मेमध्ये काकड्या, डांगरं निघतातच की! निघतात. पण तिथे वरची रेती तापलेली असली तरी हात-दोन हात खाली ओल असते आणि वेलीची मुळं त्या ओलीत उतरलेली असतात. डोकं उन्हात, पाय गारव्यात. तुमच्या आठ इंची कुंडीत माती मावते पाच-सहा लिटर. ती कुंडी तापलेल्या फरशीवर, मागे तापलेली भिंत. दुपारी तीन वाजता त्या मातीत बोट घालून पाहिलंत तर मुळांचं काय होत असेल हे वेगळं सांगावं लागणार नाही. सकाळी घातलेलं पाणी दुपारी संपतं, पानं माना टाकतात, संध्याकाळी पुन्हा पाणी मिळालं की उभी राहतात, आणि आपल्याला वाटतं, सावरली. सावरते ती वेल. त्या दुपारी आलेली कळी सावरत नाही.

आता फुलांचं. काकडीच्या एकाच वेलीवर नर आणि मादी अशी दोन प्रकारची फुलं येतात. आधी येतात नर. बारीक देठावर नुसतं पिवळं फूल, मागे काही नाही. आठ-दहा दिवसांनी मादी फुलं दिसायला लागतात, त्यांच्या मागे करंगळीच्या पेराएवढी काटेरी काकडी आधीपासूनच असते. नर फूल एक दिवस उमलतं आणि गळतं. तो रोग नाही, त्याचं काम झालं म्हणून ते जातं. त्याला वांझ म्हणणं म्हणजे, असो, सासऱ्यांना हे तुम्हीच सौम्य शब्दांत सांगा. ती फुलं खुडल्यामुळे नंतर आलेल्या मादी फुलांना पराग मिळायची शक्यताच संपली. त्यांच्या म्हणण्यात एवढं तथ्य मात्र आहे की पॉलीहाउसमधल्या बिनबियांच्या काकडीला परागीभवन लागत नाही, तिथे उलट ते नकोच असतं. तुमची जात ती नव्हती.

उष्णता वाढली आणि दिवस लांबले की काकडी नर फुलं जास्त काढते, मादी कमी. नत्र जास्त झालं तरी तेच. पारा अडतीस-चाळीसच्या वर गेला की पराग निकामी व्हायला लागतात, म्हणजे मादी फूल आलं तरी त्याला उपयोगी पराग मिळत नाहीत. तुमची गेल्या वर्षीची एप्रिलची लावणी फुलावर आली मे-अखेरीस, नेमकी नवतप्यात, म्हणजे कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत. यंदा १० मार्चला लावलंत, फुलं एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. त्या उन्हात चार काकड्या धरल्या ही खरं तर त्या रोपाची शर्थ आहे.

काकडी वाकडी का होते, तेही यातच आहे. मादी फुलावर मधमाशी एकदा येऊन भागत नाही, आठ-दहा खेपा झाल्या तर पुरेसे पराग पोचतात. अर्धवट परागीभवन झालं की एका बाजूच्या बिया भरतात, दुसऱ्या बाजूच्या नाहीत, आणि फळ न भरलेल्या बाजूला वाकतं किंवा टोकाला चिमटल्यासारखं होतं. मध्येच पाणी तुटलं तरी तसंच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत माश्या कमी येत असतील, तर हे काम तुम्हाला करावं लागेल. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान त्या दिवशी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, आतला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध दोन-तीनदा हलकेच फिरवा. एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. दहानंतर केलेलं फुकट. झालेलं परागीभवन दोन-तीन दिवसांत कळतं, मागची बारीक काकडी फुगायला लागते. नाही झालं तर ती पिवळी पडून सुकते, आणि लोक तिला ‘रोग आला’ म्हणून फवारणी करतात.

कडूपणाचा आळ कारल्यावर नको. काकडी आणि कारलं यांचा संकर होत नाही. आणि दुसऱ्या कुठल्या काकडीचे पराग येऊन पडले, तरी त्याचा परिणाम बियांमध्ये, म्हणजे पुढच्या पिढीत दिसतो, आज खातोय त्या गरात नाही. कडू चव कुकुरबिटॅसिन नावाच्या द्रव्यांची. काकडीच्या पानांत आणि देठात ती असतातच. उष्णता आणि पाण्याची ओढाताण झाली की काही जातींत ती फळातही उतरतात, देठाच्या बाजूला आणि सालीखाली जास्त. म्हणून देठाकडचा इंचभर तुकडा कापून टाकायचा आणि साल जाड काढायची. टोक घासून फेस काढल्याने समाधान मिळत असेल तर तेही करा, पण कडूपणा कमी होतो तो मुख्यतः कापून टाकलेल्या टोकामुळे. आणि कापताना देठाकडून सुरुवात करू नका, सुरीला लागलेलं कडू पुढे जातं.

तुम्ही जे प्रेमाने घातलंत त्याचा हिशेब आता. नागपूरची काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात चुना भरपूर. तिच्यात राख आणि अंड्याची टरफलं म्हणजे उसाला गूळ लावणं. कॅल्शियम तिथे कमी नाही, आणि राखेने माती आणखी अल्कधर्मी होऊन लोह, जस्त मुळांना मिळेनासं होतं. मग कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. (लाल भुंगेऱ्यांसाठी पानांवर चिमूटभर राख धुरळणं वेगळं, मातीत ओंजळभर मिसळणं वेगळं.) केळीच्या सालींचं पाणी निरुपद्रवी आहे, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल. साली कंपोस्टमध्ये टाका. कुलरच्या पाण्याबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडे अर्ध्या घरांत हीच पद्धत असते. कुलरमधून उडून जातं ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहतात. रोज भर घातली की टाकीतलं पाणी दिवसेंदिवस खारं होत जातं, बोअरचं असेल तर फारच. काकडीला क्षार सोसत नाहीत. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या होत्या का? मातीवर पांढरट साय दिसत होती का? तर ते कुलरचं देणं. आरओच्या नळीतून वाहून जाणाऱ्या पाण्याचंही तेच. ते पाणी फरशी पुसायला ठेवा. घरात फक्त बोअर असेल, तर दहा दिवसांतून एकदा कुंडीच्या तळातून भळभळा वाहील इतकं पाणी द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतील.

आता बुश घ्यायची का, तर घ्या. पण ती काय वाचवते ते नीट समजून घ्या. ती जागा वाचवते, दुसरं काही नाही. पाणी तेवढंच लागतं, ऊन तेवढंच लागतं, माती आठ इंची कुंडीतली पुरत नाही. ‘आधार लागत नाही’ हेही अर्धंच खरं. मांडव लागत नाही, पण अडीच-तीन फुटी बांबूच्या तीन काड्यांची तिपाई करून सुतळीचे दोन वेढे दिले की फळं मातीला टेकत नाहीत, हवा खेळते, पावसाळ्यात बुड कुजत नाही. आणि मुख्य म्हणजे बुश काकडीचं आयुष्य आखूड असतं. पेरणीपासून पन्नास-साठ दिवसांत पहिली काकडी, पुढे तीन-चार आठवडे तोडा, मग संपलं. मांडवावरची वेल महिनोन्‌महिने थोडं थोडं देत राहते, बुश एकदम देऊन मोकळी होते.

यावरून तुमच्या ‘रोज दोन’चा हिशेब करू. कुंडीऐवजी रोपं लावायची मोठी पिशवी (ग्रो-बॅग) घेतलीत, तर एका चांगल्या बुश रोपावर सहा ते आठ काकड्या धरा. रोज दोन म्हणजे महिन्याला साठ, त्यासाठी आठ-दहा रोपं एकाच वेळी फळावर हवीत. तुमच्या परवानगीत ते बसत नाही. तीन रोपांची एक खेप, तीन आठवड्यांनी तीन रोपांची दुसरी, असं केलंत तर मार्चअखेरीपासून एप्रिल संपेपर्यंत दिवसाला साधारण एक काकडी मिळेल. मे महिन्यात घरच्या काकडीचा हट्ट सोडा. त्या महिन्यात बाजारात काकडी मिळतेच, तिच्या नावाने गॅलरीत चार पिशव्या होरपळवण्यात अर्थ नाही.

जागा गॅलरीत नको, गच्चीवर घ्या. गच्चीवर पाण्याची टाकी असेलच. तिच्या पूर्वेच्या अंगाला पिशव्या ठेवा. सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळेल आणि दुपारी टाकीची सावली आपोआप येईल, नळही जवळ. माश्याही गॅलरीपेक्षा गच्चीवर जास्त येतात, त्यांच्यासाठी तुळशीची एखादी फुललेली कुंडी शेजारी असू द्या. मार्चच्या मध्यापासून वर हिरवी पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधा, पण चारही बाजू मोकळ्या, नाहीतर माश्या बाहेरच राहतील. पिशवी बारा इंच व्यासाची, बारा इंच उंच. तिच्यात साधारण वीस लिटर मिश्रण मावतं. एका पिशवीत एकच रोप, मोह झाला तरी. पिशवी थेट स्लॅबवर न ठेवता दोन विटांवर ठेवा. काळ्या रंगाची असेल तर भोवती जुनं पोतं गुंडाळा.

मिश्रण एक लिटरच्या मगाने मोजून करा: चाळलेली माती ८ मग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ६, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ४, जाड रेती २, आणि ५० ग्रॅम निंबोळी पेंड. माती काळी असेल तर ती ६ मग करा आणि रेती ४. नुसती काळी माती पिशवीत वाळली की कडेने सुटते आणि घातलेलं पाणी फटीतून सरळ खाली जातं, वरून ओली, आत कोरडी. कोकोपीटची वीट भिजवून ते पाणी दोनदा फेकून द्या, त्यातही क्षार असतात. शेणखत गरम लागत असेल किंवा वास मारत असेल तर ते कुजलेलं नाही.

पहिली खेप संक्रांतीनंतर, १५ ते २० जानेवारीच्या दरम्यान. त्या वेळी रात्री गार असतात आणि माती सोळा अंशांच्या खाली असली की बी उगवण्याऐवजी कुजतं. म्हणून थेट पिशवीत टाकू नका. बिया चार-सहा तास कोमट पाण्यात भिजवा, ओल्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. दोन-चार दिवसांत कोंब दिसतो. मग खाली भोक पाडलेल्या कागदी कपात दीड-दोन सेंटिमीटर खोल लावा. दिवसा उन्हात, रात्री घरात. दोन खरी पानं आली की कप फाडून मुळाचा गोळा न मोडता पिशवीत बसवा. काकडीला मुळांची हलवाहलव सोसत नाही, तिथे दुखावली की पंधरा दिवस रुसून बसते. दुसरी खेप ८-१० फेब्रुवारीला. त्यानंतर लावू नका, कितीही बी उरलं असलं तरी.

पाणी बोटाने ठरवा. दोन पेरं आत कोरडं लागलं की द्या, नाहीतर थांबा. मार्चमध्ये भरलेल्या रोपाला दिवसाला साधारण दोन लिटर, एप्रिलमध्ये तीन-चार, सकाळ-संध्याकाळ वाटून. पानांवर नाही, बुडाशी. मातीवर दोन इंच तुरीचं किंवा सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरलंत की निम्मी ओढाताण थांबते. शहरात कुटार मिळत नसेल तर वाळलेला पालापाचोळा चालतो. खताचा अतिरेक नको. चार पानांनंतर दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत. विरघळणारं खत द्यायचंच असेल, तर फुलं येईपर्यंत आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (पुडीवरचे हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण) लिटरला दोन ग्रॅम, फुलं दिसल्यावर ते बंद करून १३:०:४५ त्याच मापाने. पानं गडद हिरवी, मोठमोठी आणि फुलं सगळी नर असं दिसलं, तर खत थांबवा.

बुशचा शेंडा खुडू नका. मांडवाच्या वेलीवर शेंडा खुडून फांद्या फोडतात, ते बरोबर. बुशमध्ये बरीचशी फळं मुख्य खोडावरच धरतात आणि शेंडा खुडला की तेवढी गेली. काकडी सहा-सात इंचांची, हिरवी आणि टणक असताना कात्रीने कापा, ओढू नका. एक दिवसाआड बघाच. पानांआड लपलेली एक काकडी पिवळी पडेपर्यंत राहिली की वेलीचं सगळं लक्ष त्या बियांकडे जातं आणि नवी फळं धरायची थांबतात.

सासऱ्यांचा मांडव कुठे बसवायचा? जुलैत. तुमचं पत्र मे-अखेरीचं आहे. पाऊस नीट लागला की, जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत, गॅलरीच्या रेलिंगला सहा फुटी नायलॉन जाळी बांधून द्या आणि पस्तीस-चाळीस लिटरच्या एका ड्रममध्ये त्यांना दोन वेली लावू द्या. ढगाळ दिवसांत पश्चिमेच्या गॅलरीचा जाच राहत नाही. त्यासाठी बुश नको, आपल्याकडच्या जाती घ्या: राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची हिमांगी, पांढरट फळांची, किंवा फुले शुभांगी. त्यांना वाळूक लावायचं असेल तर तेही लावू द्या. तिथे शेंडा खुडायचा त्यांचा हात उपयोगी पडेल; नर फुलांपासून मात्र तो हात लांब ठेवा. सतत पाऊस असला की माश्या येत नाहीत आणि पराग भिजतात, त्या सकाळी हाताने परागीभवन हे काम त्यांना आवडेलसं वाटतं.

बुशची तिसरी खेप, आणि खरं तर सगळ्यांत निवांत खेप, पोळा-गणपतीच्या सुमाराची. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात थेट पिशवीत पेरा, बी चार-पाच दिवसांत वर येतं. दिवाळीच्या आसपास तोडा सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या गारठ्यापर्यंत चालतो. कधीच काकडी न लावलेल्याने सुरुवात इथूनच करावी. जानेवारीची खेप थोडी हात बसल्यावर.

बिनबियांच्या, परागीभवन न लागणाऱ्या जातींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माश्या मुळीच येत नसतील अशा बंद गॅलरीवाल्यांनी त्यांचा विचार करावा. दिल्लीच्या पुसा संस्थेची पुसा सीडलेस-६ ही त्यातली एक. बहुतेक अशा जाती लांब वेलीच्या आणि महाग, दुकानात एकेका बीवर भाव सांगतात. त्या लावल्या तर शेजारी साधी काकडी नको. पराग पोचले की त्यांनाही बिया धरतात आणि आकार बिघडतो. संकरित असतील तर त्यांचं बी राखून पुढच्या वर्षी लावण्यात अर्थ नाही.

किडींपैकी दोनच लक्षात ठेवा. रोप दोन पानांवर असताना लाल भुंगेरे एका सकाळी चाळण करून जातात. पहाटे ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका, किंवा फुलं येईपर्यंत रोपावर मच्छरदाणीचा तुकडा घाला. दुसरी फळमाशी, पावसाळ्यात. फळावर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका, त्यातून डिंक, आत अळ्या. क्यू-ल्यूरचा (नर फळमाश्यांना भुलवणाऱ्या वासाचा) एक सापळा लटकवा आणि फळ बोटाएवढं झालं की त्यावर कागदी पिशवी चढवा. टोचलेली फळं कुंडीत किंवा कचऱ्याच्या डब्यात उघडी टाकू नका, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून उन्हात ठेवा. मावा, पांढरी माशी दिसली तर निंबोळी तेल पाच मिली आणि द्रवसाबण एक मिली, लिटरभर पाण्यात, संध्याकाळी पानांच्या खालून, फुलं टाळून.

रोगांतही दोन. पावसाळ्यात केवडा: पानावर शिरांनी आखल्यासारखे पिवळे कोनदार ठिपके, खालून करडट. कोरड्या हवेत भुरी: वरून पिठी साखर भुरभुरल्यासारखी. भुरीला सुरुवातीलाच एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी आठवड्यातून एकदा फवारा. गंधक वापरू नका, उन्हात काकडीची पानं त्याने करपतात. केवड्याची पानं काढून टाका आणि पाणी बुडाशीच द्या. निम्म्याहून जास्त पानं गेली तर औषधाच्या मागे लागण्यापेक्षा रोप उपटा. बुश असेल तर तिचे दोन-तीन आठवडेच उरलेले असतात आणि काकडी आपण कच्ची खातो. उपटलेल्या पिशवीत लगेच काकडी, दोडका, कारलं, भोपळा यांतलं काही नको. माती उकरून चार दिवस उन्हात पसरा, दोन मग गांडूळखत मिसळा आणि मेथी टाका.